लंडन जवळ, नागपूर लांब

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर आहे. मध्ये कुठेही न थांबणारे विमान जाताना हे अंतर साडेनऊ ते दहा तासांत कापते. येताना तेच विमान तासाभराने लवकर पोहोचते, कारण वरच्या हवेत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ही माहिती आज कोणाच्याही मोबाईलवर दोन सेकंदांत मिळते आणि तिच्यात खोटे काही नाही. पण ती अपुरी आहे, आणि हा अपुरेपणा यंत्राचा नसून समाजरचनेचा आहे, असे आमचे म्हणणे आहे.

विमानाचे अंतर धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंत मोजले जाते. ज्याचे घर धावपट्टीच्या आसपास आहे, ज्याच्याकडे पासपोर्ट आहे, ज्याच्या बँकेत पैसे आहेत आणि ज्याच्या आजोबांचा शाळेचा दाखला कपाटात जपून ठेवलेला आहे, त्याच्यासाठी साडेनऊ तास हा हिशोब खरा आहे. बाकीच्यांसाठी तो प्रवासाचा शेवटचा तुकडा आहे. त्याआधीचे कोणी मोजतच नाही.

आम्ही शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत काम करतो. अभ्यासिका चालवतो, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो, दाखल्यांसाठी कार्यालयांचे उंबरठे झिजवतो. आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीला लंडनच्या एका विद्यापीठात एम.ए.साठी प्रवेश मिळाला. दौंड तालुक्यातली भीमाकाठची वस्ती. आई उसाच्या आणि कांद्याच्या रानात रोजंदारीवर, वडील कुरकुंभच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे. बातमी कळली तेव्हा वस्तीवर पेढे वाटले, विहारात त्रिशरण-पंचशील झाले. सगळे बसले असताना मुलीच्या आजीने विचारले, "लंडन किती लांब हाय गं?" नातवाने मोबाईलवर बघून सांगितले, "इमानानं साडेनऊ तास, आजी." आजी म्हणाली, "मंग नागपूरपरीस जवळच की! दीक्षाभूमीला जायचं तर सगळी रात जाती, वर दुसरा दिस बी निम्मा जातो."

सगळे हसले. पण आजीचे गणित बरोबर होते.

दौंड हे जुने जंक्शन. दौंड-मनमाड ही लाईन १८७८ सालची. याच लाईनने आमची माणसे दरवर्षी अशोक विजयादशमीला नागपूरला जातात. मनमाड, चाळीसगाव, भुसावळ, अकोला, वर्धा असा तो प्रवास आहे. जनरलच्या डब्यात, दाराशी, कधी संडासाच्या बाजूला वर्तमानपत्र अंथरून. साध्या एक्स्प्रेसला चौदा-पंधरा तास लागतात, उशीर झाला तर त्याहून जास्त. ऑगस्ट २०२५ पासून पुणे आणि नागपूरजवळच्या अजनी यांच्यात वंदे भारत धावते. ती ८८१ किलोमीटरचा हा मार्ग साधारण बारा तासांत कापते. आणि पुण्याहून विमानाने गेले तर नागपूर दीड तासावर आहे, कारण सरळ रेषेत ते सव्वासहाशे किलोमीटरच्या आत आहे. शहरे तीच दोन. दीड तास, बारा तास, पंधरा तास. कोणाला कोणता आकडा मिळणार हे तिकिटाच्या खिडकीवर ठरते.

बाबासाहेब १९५६ साली धम्मदीक्षेसाठी दिल्लीहून नागपूरला विमानाने आले, ११ ऑक्टोबरला. त्यांची प्रकृती तेव्हा बरी नव्हती. ज्यांना त्यांनी दीक्षा दिली ते लाखो लोक पायी, बैलगाडीने आणि रेल्वेने आले होते. पुढे दोन महिन्यांच्या आतच, ६ डिसेंबरच्या रात्री, बाबासाहेबांचे पार्थिव विमानानेच दिल्लीहून नागपूरमार्गे मुंबईला आले आणि ७ डिसेंबरच्या पहाटे सांताक्रूझला उतरले. त्यांच्या अंत्यदर्शनाला गेलेल्या माणसांची वाहने मात्र पुन्हा तीच होती.

दौंडच्या लोकांना रेल्वेची आणखी एक गंमत माहीत आहे. पूर्वी पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन दौंडला एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. त्यात वेळ जाई. आता कॉर्ड लाईन झाली. गाडी मुख्य स्टेशनात न येता बाहेरच्या बाहेर वळते आणि तिकडच्या वेगळ्या थांब्यावर उभी राहते. पुण्या-मुंबईच्या प्रवाशाचा वेळ वाचला, चांगले झाले. पण दौंडच्या माणसाला रात्री-अपरात्री पोराबाळांसह, बोचकी घेऊन त्या थांब्यापर्यंत रिक्षा शोधावी लागते. एकाचा वेळ वाचला आणि तो दुसऱ्याच्या खात्यावर चढला.

समाजशास्त्राच्या एम.ए.ला आम्हाला डेव्हिड हार्वे शिकवले होते. वेगवान वाहतूक आणि भांडवल यांमुळे जग आकसत चालले आहे, असे त्यांचे १९८९ च्या पुस्तकातले प्रतिपादन. त्यावर डोरीन मॅसी या भूगोलाच्या अभ्यासक बाईंनी विचारले की जग नेमके कोणासाठी आकसते आहे? काही माणसे या वेगाची मालक असतात, काही नुसती त्यात ओढली जातात. परीक्षेला आम्ही हे लिहिले, गुण मिळवले. दौंडला काम करायला लागल्यावर ते समजले. खरे तर त्यासाठी मॅसीबाईंपर्यंत जायचीही गरज नव्हती. बाबासाहेबांनी हा विषय आधीच लिहून ठेवला होता.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचे छोटेखानी आत्मकथन. नावातच व्हिसा आहे. त्यातला पहिला प्रसंग १९०१ सालचा. वडील गोरेगावला नोकरीला. सुट्टीत मुलांना तिकडे बोलावलेले. छोटा भीमराव आणि बरोबरची मुले नवे कपडे घालून साताऱ्याहून रेल्वेने मसूरला उतरली. वडिलांकडे पत्र वेळेत पोहोचले नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. मुले महारांची आहेत हे कळल्यावर स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला आणि बाहेरच्या गाडीवानांपैकी एकही त्यांना बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले. त्यातही गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, म्हणजे त्याला विटाळ नको.

निघण्यापूर्वी त्या मुलांनी गाडीवानाला एक प्रश्न विचारला होता. अंतर किती आहे आणि किती वेळ लागेल? तो म्हणाला, तीन तासांहून जास्त नाही. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास गाडी निघाली. वाटेत मुलांना प्यायला पाणी मिळाले नाही. बरोबर डबा होता, पण पाण्याशिवाय घास उतरेना. जकात नाक्यावर अंधारात रात्र काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मुले गोरेगावला पोहोचली.

साडेसहा ते अकरा, म्हणजे साडेसोळा तास. तीन तासांच्या वाटेला साडेसोळा तास! इथे कोणी म्हणेल, तुम्ही गरिबीचा प्रश्न जातीवर ढकलता. गरीब तर सगळ्याच जातींत आहेत आणि जनरलच्या डब्यात सगळेच कोंबले जातात. ते खरे आहे. पण मसूरच्या स्टेशनवर पैसे होते. नुसते होतेच असे नाही, दुप्पट मोजले होते. सुभेदाराची मुले होती ती. तरीही वेळ लागला तो लागलाच. गरिबी माणसाला पायी चालवते, आणि पैसे असूनही गाडी नाकारते ती जात. दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येतात तेव्हा अंतर कोणत्या मापाने मोजायचे?

मोठेपणीही हेच. १९२९ साली सरकारी समितीच्या कामावरून परतताना बाबासाहेब चाळीसगावला उतरले. तेव्हा ते बॅरिस्टर होते, लंडन-न्यूयॉर्क पाहून आले होते. स्टेशनपासून महारवाडा दोन मैलांवर. टांगेवाले त्यांना घेऊन जायला तयार होईनात. शेवटी टांगा मिळाला, पण हाकायला वस्तीतलाच एक नवखा माणूस बसला. नदीच्या मोरीवर टांगा उलटला, बाबासाहेब दगडांवर आपटले, पाय मोडला. न्यूयॉर्कला जाऊन आलेला माणूस दोन मैलांत जखमी झाला. नागपूरला जाणारी आमची गाडी याच चाळीसगाववरून जाते. वस्तीतली पोरे त्या स्टेशनावर चहा घेतात, तेव्हा हा प्रसंग त्यांना सांगायची आमची पद्धत आहे.

न्यूयॉर्कला ते १९१३ साली बोटीने गेले होते, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. त्या काळी सगळ्यांनाच आठवड्यांमागून आठवडे समुद्रावर काढावे लागत, तेव्हा त्या वेळाबद्दल तक्रार नाही. परतीचा प्रवास पाहा. १९१७ साली ते परत आले, पण वेगळ्या बोटीने पाठवलेले त्यांचे सामान आणि पुस्तके महायुद्धात बोटीबरोबर बुडाली. बडोद्याच्या नोकरीवर रुजू व्हायचे तर बडोद्यापर्यंत जायला पैसे नव्हते. बुडालेल्या सामानाची थॉमस कुक कंपनीकडून ६०० रुपये भरपाई मिळाली, त्यातून ते निघाले. आणि तिथे पोहोचल्यावर राहायला जागा मिळेना.

आता आमच्या मुलीच्या प्रवासाकडे येऊ. तिचा प्रवास मुंबईच्या विमानतळावर सुरू झाला नाही. तो शिरूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या लोखंडी कपाटापाशी सुरू झाला.

शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी लागते. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, कारण राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश त्या तारखेचा आहे. तत्त्वाला आमचा विरोध नाही. खोटे दाखले काढून आमच्या जागा गिळणारे कमी नाहीत, तेव्हा पडताळणी हवीच. पण हा पुरावा असतो कोणाकडे? ज्याचा बाप किंवा आजा १९५० पूर्वी शाळेत गेला, त्याच्याकडे. ज्यांना शाळेच्या व्हरांड्याबाहेर बसवले, ज्यांची बहुतेक पोरे शाळेत पोहोचलीच नाहीत, त्यांच्या नातवंडांना विचारायचे की आजोबांचा शाळेचा दाखला आणा. लंडन ७,२०० किलोमीटरवर आहे. १० ऑगस्ट १९५० किती लांब आहे, ते मोबाईल सांगत नाही.

मुलीचे आजोबा मूळचे शिरूर तालुक्यातले, घोड नदीच्या अंगाचे. तरुणपणी रेल्वेच्या मजुरीसाठी दौंडकडे आले आणि इकडचेच झाले. ते शाळेत गेले नव्हते. त्यांचा थोरला चुलतभाऊ दोन इयत्ता शिकला होता, एवढे आजीला ऐकून माहीत. म्हणून आम्ही शिरूरला निघालो.

शिरूर आणि दौंड यांच्यात सरळ रेषेत पंचेचाळीस-सेहेचाळीस किलोमीटर अंतर आहे. आमच्या डोक्यावरून जाणाऱ्या विमानाला ते तीन मिनिटांचे काम. खाली मध्ये भीमा आहे, आणि शिरूरला रेल्वे नाही. आम्ही कधी चौफुला-पारगाव-न्हावरे असे गेलो, कधी काष्टीकडून वळसा घेऊन. हंगाम चालू असला की पुढे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आणि मागे आपली गाडी. आम्ही मोटारसायकलवर, मुलगी आणि तिचे वडील एसटीने, न्हावऱ्याला गाडी बदलून. वडिलांचा दर खेपेला एक खाडा, म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली.

पहिल्या खेपेला मुख्याध्यापक प्रशिक्षणाला गेलेले. दुसऱ्या खेपेला कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. तिसऱ्या खेपेला जनरल रजिस्टर निघाले, पण हवे ते पान वाळवीने खाल्लेले, अर्धे नाव दिसते, अर्धे नाही. चौथ्या खेपेला त्याच शाळेच्या दुसऱ्या वहीत चुलत आजोबांचे नाव सापडले. १९४७ साली दाखल, जातीच्या रकान्यात 'हिंदू महार'. शाई फिकट, अक्षर सुंदर. मुलगी ते पान बराच वेळ बघत राहिली. मग वडिलांना म्हणाली, "पप्पा, यांनी शाळा का सोडली असंल?" वडिलांना माहीत नव्हते. आम्हालाही नाही.

पान सापडले म्हणजे काम झाले असे कोणाला वाटेल. पुढे वंशावळ, रक्ताच्या नात्याचे प्रतिज्ञापत्र, पोलीस पाटलाचा जबाब. एका कार्यालयातल्या साहेबांनी विचारले, "आजोबा हिंदू महार आणि मुलगी बौद्ध, मग ही अनुसूचित जातीत कशी?" हा प्रश्न २१व्या शतकात पुणे जिल्ह्यातल्या एका खुर्चीवरून विचारला गेला. १९९० साली संसदेने कायदा दुरुस्त करून बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती दिल्या, याला आता पस्तीस वर्षे झाली. आम्ही कायद्याची प्रत पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. ती प्रत आम्ही नेहमीच बरोबर ठेवतो, जसे दुसरे कोणी छत्री ठेवतात. ज्या जातीतून बाहेर पडण्यासाठी तिच्या आजा-आजीने धम्म स्वीकारला, त्याच जातीचा कागद तिला लंडनला जाण्यासाठी सिद्ध करावा लागला. यातला विरोधाभास आम्हाला कळतो. पण कागद नको म्हणण्याची चैन आम्हाला परवडत नाही. जातीने जे नाकारले त्याची भरपाई जातीच्या नोंदीवरूनच मागावी लागणार.

या सगळ्याला अकरा महिने गेले.

तिकिटाची गोष्ट यानंतरची. शिष्यवृत्तीत विमानभाडे धरलेले असते, पण पैसे हातात पडण्याची तारीख आणि विद्यापीठात हजर होण्याची शेवटची तारीख यांची ओळखदेख नसते. विद्यापीठाने कळवले होते की अमुक दिवसापर्यंत आली नाहीस तर प्रवेश पुढच्या वर्षावर जाईल. पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती पुन्हा मिळेल याची हमी कोण देणार? व्हिसा हातात आला तेव्हा तेरा दिवस उरले होते, आणि विमानाचे तिकीट जितके उशिरा काढावे तितके महाग. बचत गटातून काही रक्कम उचलली, दौंडच्या रेल्वेतल्या आमच्या कर्मचारी बांधवांनी वर्गणी काढली, एका निवृत्त गुरुजींनी पेन्शनमधून दिले. तरी थेट विमानाला वीस-बावीस हजार कमी पडत होते. म्हणून आखातातून जाणारे तिकीट काढले, मध्ये नऊ तास थांबायचे.

आता तिच्या प्रवासाचा हिशोब असा. दुपारी दोनला वस्तीवरून जीप निघाली. पुण्याहून लंडनला थेट विमान नाही, तेव्हा मुंबई गाठणे आलेच. यवत, लोणी, पुण्याची वाहने, घाट, पनवेल करत रात्री नऊला विमानतळ. पहाटे चारला विमान. आखातापर्यंत सव्वातीन तास, तिथे बाकावर नऊ तास, पुढे साडेसात तास. उतरल्यावर तपासणीची रांग, सामान, भुयारी रेल्वे, मग खोली. वस्तीच्या उंबऱ्यापासून खोलीच्या दारापर्यंत छत्तीस तास. मोबाईलने साडेनऊ सांगितले होते.

त्याच दिवशी, त्याच वर्गात बसायला मुंबईतून थेट निघालेला कोणी विद्यार्थी असेल. त्याचे साडेनऊ तास त्याने चोरले असे आम्ही म्हणत नाही. पण गुणवत्तेची चर्चा करणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेत. त्यात अकरा महिनेही मिळवावेत, वडिलांचे खाडेही. मग सांगावे की दोघांची धाव एकाच रेषेवरून सुरू झाली. आकाशातला रस्ता बंद झाला की केवढा गहजब होतो! एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना वळसा पडला, आणि तास-दोन तासांच्या उशिराच्या बातम्या झाल्या. जमिनीवरचा आमचा वळसा कधी बातमी होत नाही.

कोणी म्हणते, आता पुरंदरला विमानतळ होणार, दौंडच्या शेजारीच, मग तुमचे अंतर कमी होईल. त्या विमानतळासाठी ज्या सात गावांची जमीन घ्यायची ठरले त्यात खानवडीही आहे, जोतिराव फुल्यांच्या घराण्याचे गाव. तिथले शेतकरी जमिनीसाठी झगडत आहेत आणि आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत. पण मोबदल्याची सगळी चर्चा सातबाऱ्यावर नाव असलेल्यांची आहे. त्या रानात मजुरी करणाऱ्या भूमिहीन माणसाचे रान गेले की त्याला काय मिळणार? विमानतळ जवळ आला म्हणून विमान जवळ येत नाही. लोहगावच्या विमानांचा आवाज ऐकत वाढलेली कित्येक माणसे अजून एकदाही त्यात बसलेली नाहीत.

मुलगी आता तिकडे आहे. पहिल्या रविवारी ती किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरी जाऊन आली. तिथे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहात होते, २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतले. तिने फोटो पाठवले. फोनवर म्हणाली, "दादा, मी ज्या भागात राहते तिथून विद्यापीठात यायला सव्वा तास लागतो. जवळच्या खोल्या परवडत नाहीत. माझ्या वर्गातले बरेचजण दहा मिनिटांत चालत येतात." मग जरा थांबून म्हणाली, "इथं निदान गाडीत कोणी आडनाव विचारत नाही."

तिची फाईल आम्ही झेरॉक्स काढून अभ्यासिकेत ठेवली आहे. कोणता कागद कुठे मिळाला, किती खेपा झाल्या, किती पैसे लागले, सगळे लिहून. सध्या शिरूर तालुक्यातल्या दोन मुलांची वंशावळ चालू आहे. एक रांजणगावच्या कंपनीत रात्रपाळी करून अभ्यास करणारा, दुसरी तळेगाव ढमढेऱ्याकडची. एकाच्या पणजोबांची नोंद कोतवाल बुकात असावी असे घरचे म्हणतात. येत्या मंगळवारी शिरूरला जायचे आहे. ज्यांना जुने हस्ताक्षर, विशेषतः मोडी, वाचता येते अशा कोणाला बरोबर यायचे असेल तर कळवावे. गाडीत एक जागा आहे.